चुड्याखालचं मलम

९ ऑक्टोबर
याडीला (सासूला) घेऊन यवतमाळ. कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे. सासूलाही मी याडीच म्हणते, आईलाही याडीच, त्यामुळे राग आला की दोघींवर एकदमच येतो. येताना एस.टी.त उभं. पाय गेले.

उजव्या दंडाला इसब. लग्नात भरलेला चुडो, कोपरापासून खांद्यापर्यंत पांढऱ्या बांगड्या, एकीला एक लागून. खाली घाम, वेचणीचा कापूस, कचरा. डॉ. म्हणाल्या, "आजी, हे काढावं लागेल."

याडी : "माहा मालक जित्ता हाय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे. नवरा जिवंत असताना चुडो उतरत नाही, हे त्यांना कोण सांगणार, मीच. सांगितलं. मग त्यांनी ट्यूब लिहून दिली आणि बजावलं : बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढीच रेघ, पातळ, दिवसातून एकदा, इसबावरच. वर काही झाकायचं नाही. पंधरा दिवसांनी दाखवा. मनाने दुसरी ट्यूब आणायची नाही.

१० ऑक्टो.
बांगड्या वर सरकवून लावायचं म्हणे. सरकतात कुठे! दंड भरलेला, बांगड्या तेव्हाच्या मापाच्या. साबण लावून दोन सरकल्या, बाकीच्या जागच्या जागी. शाळेला उशीर झाला तो झालाच.

१७ ऑक्टो.
खाज थांबली. याडी खूश. "डॉक्टरीन हुशार हाय व." आता मीच लावते म्हणाली. लाव बाई. माझ्याकडे सहामाहीचे पेपर पडलेत, त्यात सोयाबीन काढायला माणसं मिळेनात. एक काम कमी झालं याचाच आनंद.

२६ ऑक्टो.
दाखवायला जायचे दिवस उलटले. "बरं झालं, आता कायले जाचं?" कापूस फुटलाय, मलाही यवतमाळ नको होतं.

आज मोरीत ट्यूब दिसली. कोरी. आपली तर संपत आली होती. विचारलं तर सरळ सांगितलं, उमरखेडच्या बाजाराला गेली तेव्हा जुनी दाखवून मेडिकलातून आणली. चिठ्ठी कोणी विचारली नाही.

आणि लावते कशी! ट्यूबचं तोंड दोन बांगड्यांच्या फटीत घालून दाबते. फट भरेपर्यंत. वरून जुन्या लुगड्याची चिंधी आवळून बांधते, वेचणी करताना पुसलं जाऊ नये म्हणून. सकाळी एकदा, दुपारी शेतात एकदा.

ओरडले. खूपच ओरडले.

बा (सासरे) ओट्यावरून : "खाज गेली नं? मंग काहून ओरडून राह्यली?"

चिंधी सोडली, ट्यूब माझ्या पिशवीत टाकली.

४ नोव्हेंबर
पुन्हा यवतमाळ. काल पऱ्हाटीचं बोंड घासलं एवढंच, दंडातून रक्त. कापडाने थांबेना. डॉ.नी बांगडी जराशी उचलून बॅटरीने दाखवलं. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. निळ्या शिरा वर आलेल्या, लाल पट्टे.

झाकलं की या मलमाचा जोर वाढतो म्हणाल्या. चुडोही झाकणच, वरून चिंधी. इसब दबला, कातडी गेली. आता हलकं मलम, तेही उघड्या हातावरच, आणि हळूहळू बंद करायचं. "शुगर आहे यांना. जखम चिघळली तर मला हात वाचवायची खात्री देता येणार नाही. उजव्या हातावरचं तरी काढा."

याडी उजव्या चुड्यावर हात ठेवून उठली. बसमध्येही हात तिथेच.

आमच्या यांना फोन लावला. राजूरला कोळशाच्या ट्रकवर. "तू समजाव नं तिले, तुहं ऐकते थे." सगळ्यांना वाटतं तिला सांगणारी मीच. मी सांगून सांगून थकले.

६ नोव्हें.
लिहून ठेवते, विसरायला नको.

सकाळी चहा घेताना बा म्हणाले, "काढ."
याडी : "तुमी गेल्यावर काढतेत थे."
बा : "मंग मी समोर बसतो. पाहू दे तांड्याले."

धुतलेलं धोतर नेसले, फेटा बांधला आणि अंगणात खाटेवर बसले. वरातीला निघाल्यासारखे. तांड्यातल्या बायका जमल्या. एक जण तोंडाला पदर लावून रडायला लागली तर बा तिच्यावर खेकसले, "कायले रडतं वं? मी अजून चहा पिऊन राह्यलो!" सगळ्या हसल्या. याडी नाही हसली.

मीच आरीच्या पात्याने कापल्या. कातडीला लागू नये म्हणून खाली पुठ्ठ्याची पट्टी घालून. याडीने डाव्या हाताने बांचं मनगट धरलं होतं, ते शेवटची बांगडी निघेपर्यंत सोडलं नाही.

दंड पांढराफटक. लहान मुलाचा असावा तसा. तिने एकदाच पाहिलं आणि ओढणी ओढून घेतली. रडले मी.

तुकडे तिने वेचून फडक्यात बांधले. टाकू का विचारलं तर गाठ आणखी आवळली.

१२ नोव्हें.
जखम सुकतेय. मलम मीच लावते, ती हात पुढे करते. हापशीवर मात्र उजवा हात ओढणीबाहेर काढत नाही. डाव्या हातावर चुडो आहेच, तो सारखा समोर धरते. आज जरा झोप लागली मला.

१५ नोव्हें.
बांना ताप. खोकला. परवा ओलितासाठी पहाटे वावरात गेलते, थंडी भरली असेल. सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणल्या. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही. घरी येऊन तसंच सांगितलं. याडीने ऐकलं, पण नजर स्वतःच्या मोकळ्या दंडावर.

१६ नोव्हें.
ताप उतरला नाही. बा खाटेवरून म्हणतात, "मले काई नाई झालं. थंडीचा ताप हाय." म्हणताना खोकतात.

मलम लावायला गेले. "राहू दे आज." बोटावर मलम घेऊन तशीच उभी राहिले.

मग याडी फडकं सोडून बसली. कापलेल्या बांगड्यांचे तुकडे जमिनीवर मांडले, एकेकीची जोडी लावत. डोकं वर न करता म्हणाली,

"पोरी, चिकटवाचं काई हाय काय घरात?"

नाही म्हणाले. शाळेच्या पिशवीत डिंकाची बाटली आहे. तिला माहीत आहे. पिशवी खुंटीला आहे, आणि मला साडेनऊच्या गाडीला निघायचंय.