खोक्यांचा तट आणि त्याची दोरी

मी, खाली सही करणारा, बुटांच्या दुकानातला निवृत्त विक्रेता, देवाला स्मरून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही असे म्हणायची रीत आहे. दडपण आहे, पण ते माणसाचे नव्हे, सोमवारच्या हृदयाच्या ऑपरेशनचे. डॉक्टर पुन्हा पुन्हा म्हणतात, "काळजीचं काही नाही." त्यामुळेच झोप उडाली आहे.

१. राहते घर माझ्या एकुलत्या एका मुलीचे. मागच्या खोलीत छतापर्यंत बुटांची रिकामी खोकी आहेत, ती पाहून तिने कपाळावर हात मारू नये. चर्चमधल्या नाटकांच्या सजावटीसाठी आमची ख्रिस्ती मंडळी जे पैसे देते त्यात डिंक आणि सुतळी येते. बाकीचे मी दुकानातून फुकट आणत आलो. याच खोक्यांतून बायबलातल्या नोहाचे तारू झाले, योनाचा मासा झाला.

२. बँकेतली शिल्लकही मुलीची. शिडी जावईबापूंना. ते वर चढायचे नाहीत हे ठाऊक आहे, पण सासऱ्याने काहीच दिले नाही अशी कुरकुर नको.

३. कात्र्या, कटर आणि ब्रश संडे स्कूलच्या बाईंना. त्यांनी लक्षात ठेवावे : खोक्याच्या गुळगुळीत बाजूवर रंग धरत नाही, म्हणून खोके उलगडून आतली बाजू बाहेर घ्यावी. रंगात राख मिसळली की दगड दिसतो. वर उकळलेल्या चहाच्या पाण्याचा हात दिला की दगड जुना दिसतो.

४. आता मुख्य घोर. रविवारी यरीहो शहराचा तट पडतो ते नाटक आहे. मुले रणशिंगे घेऊन तटाभोवती फेऱ्या घालतात, शेवटी पुढे येऊन आरोळी ठोकतात आणि तट मागे कोसळतो. तो आपोआप कोसळत नाही. मागे उभे राहून दोरी ओढावी लागते. आजवर प्रत्येक नाटकात पडद्यामागे मीच होतो. दोरी लवकर ओढली, तर मागून येणाऱ्या पोरांच्या डोक्यावर सगळे येईल. खोकी हलकी आहेत, पण त्यांना धरणाऱ्या लाकडी पट्ट्या हलक्या नाहीत. उद्या मी इस्पितळात दाखल होणार. मग दोरी कोण ओढणार? बाई मुलांबरोबर असतील. जावईबापू "बघू" म्हणाले. त्यांच्या 'बघू'चा अर्थ आमच्या घरात सर्वांना माहीत आहे.

५. माझ्या थोरल्या भावाला काहीही देऊ नये. कारण लिहून ठेवतो. पडद्यामागून मला फक्त सुतळीच्या गाठी आणि बुटांचे नंबर दिसत. पुढून काय दिसले ते माझी बायको घरी येऊन सांगायची. तिच्या शेवटच्या आजारपणात मी बुटांत घालायचा पातळ कागद निळा रंगवून समुद्र केला होता. रविवारी नाटकाला यायला तिला उठवले नाही. मंगळवारी खुर्चीत बसवून समुद्र दाखवायला नेऊ, असे ठरले. दादा मंडळीचा पंच, चर्चचा कारभार त्याच्याकडे. त्याने सोमवारीच वेदी साफ करवून समुद्र कचऱ्यात टाकला. त्याच आठवड्यात ती गेली. तेव्हापासून आमचा अबोला आहे.

६. वरचे कलम सकाळी लिहिले. दुपारी दादा दारात उभा.

"दोरीला माणूस नाही म्हणे."

"तुला कोणी सांगितलं?"

"तुझ्या पोरीनं. मी ओढतो."

"तुला रणशिंग ऐकू तरी येईल का?" दादाचा एक कान गेला आहे, दुसरा त्याच वाटेवर आहे.

"ऐकायचं कशाला? डोळे आहेत ना."

मग माझ्या तोंडून गेलेच : "तो समुद्र तू फेकलास."

"फेकला. दुसऱ्या दिवशी तिथं लग्न होतं. तुझी बायको तो बघायला यायची आहे हे तू मला सांगितलं होतंस?"

"तुला विचारता येत नव्हतं?"

"यायला हवं होतं," तो म्हणाला. "तिला मातीत ठेवत होते तेव्हा हेच मनात घोळत होतं. तुझ्याजवळ यायचा धीर झाला नाही."

दादाशी बोलायचे तर ओरडावे लागते, त्यामुळे हे सगळे शेजाऱ्यांनाही कळले. मी त्याला माफ केले असे लिहवत नाही. शर्ट बदलला आणि आम्ही दोघे तालमीला चर्चमध्ये गेलो.

७. दादाने मला मागे थांबू दिले नाही. "इथं राहिलास तर हुकूम सोडत बसशील. पुढं जाऊन बस." मी पहिल्या बाकावर बसलो, हात छातीवर. समोर दगडी तट होता. पुठ्ठा कुठे आहे ते मला, करणाऱ्यालाही, सापडेना. बायको दरवेळी सांगायची ते मला खुशामत वाटायचे.

मुलांच्या फेऱ्या झाल्या. पोरे पुढे आली, रणशिंगे वाजली, आरोळी उठली. तेवढ्यात एका पोराच्या हातून रणशिंग निसटून घरंगळत गेले आणि ते उचलायला तो तटामागे धावला. मी उठून उभा राहिलो. "थांब!" म्हणायचे होते. पण म्हटले असते तरी दादाला ऐकू गेले नसते.

तट जागचा हलला नाही. पोरांची आरोळी ओसरत चालली, बाई घाबऱ्याघुबऱ्या इकडेतिकडे पाहू लागल्या. पोर रणशिंग घेऊन पुढे आले, आणि मग तट कोसळला, जसा कोसळायला हवा तसा.

मी मागे असतो तर आरोळीबरोबर दोरी ओढली असती. दरवेळी कानाच्या भरवशावरच ओढत आलो.

८. सबब पाचवे कलम कारणासह तसेच ठेवून एवढीच दुरुस्ती करतो : दोरी दादाची. ती कधी ओढायची हे त्याला कोणी शिकवू नये, मीसुद्धा.

९. यापुढे मंडळीत जो कोणी सजावट करील, त्याला निदान एका तालमीला पडद्यामागून बाहेर काढून पहिल्या बाकावर बसवावे. तो नाही म्हणेल. कामे सांगेल, गाठी राहिल्यात म्हणेल. त्याचे ऐकू नये. आणि त्याच्या शेजारी कोणीतरी बसावे.

हे सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचले व सही केली. शाई दोन ठिकाणी पसरली आहे, ती खाडाखोड समजू नये.

सही : मृत्युपत्र करणारा

साक्षीदार : १. ऑर्गन वाजवणाऱ्या बाई (सही)
२. शेजारचे घड्याळजी (सही)

ठिकाण : राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक : नाटकाच्या रविवारआधीचा शुक्रवार, संध्याकाळ