कुलूप कुणी काढायचं

पायसांदू, शनिवार

प्रिय फियोरेया,

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. कागदाला मध्येच तोडता येत नाही. फाडता येतो, पण आई हे पत्र मेंब्रिशोच्या फळाच्या वडीच्या डब्यात अगदी वर ठेवणार आहे, तेव्हा वडी खाता खाता तरी तू ते शेवटपर्यंत वाचशील असा तिचा अंदाज आहे. संध्याकाळच्या बसच्या पार्सलने डबा निघेल आणि उद्या मोंटेव्हिडिओला तुझ्या हातात पडेल. वडी आधी, पत्र नंतर, असा तिचा निरोप आहे. तू उलटंच करशील हेही ती म्हणाली.

आधी गावची बातमी देते. पाणी उतरतंय. बंदराकडच्या घरांच्या भिंतींवर छातीइतक्या उंचीवर चिखलाची रेघ राहिलीय आणि नदी साळसूदपणे आपल्या जागी जाऊन बसलीय, जणू काही झालंच नाही. जरा उंचावरच्या घरांतली माणसं क्लबातून परतायला लागली आहेत. बास्केटबॉलच्या मैदानावर इतके दिवस गाद्या, कुत्री, फ्रिज आणि भांडणं एकत्र नांदली. पाऊस होता तोवर आई त्यांच्यासाठी घरून तोर्ता फ्रिताच्या पुऱ्या तळून पाठवत होती, तिच्या हाताला अजून चरबीचा वास येतो. पलीकडच्या गल्लीतल्या एल्बाबाई तुझी चौकशी करत होत्या. "राजधानीत जाऊन सुधारली का गं तुझी बहीण, की अजून तशीच खेकसते?" मी म्हटलं, अजून तशीच.

तुझा मेसेज मिळाला. अॅपची जुनी आवृत्ती परत चढव, ते विकत घेणाऱ्या कंपनीची माफी माग आणि विक्रीच्या सहीला ये. एका दमात तीन हुकूम. मी यांतलं एकही करणार नाही. आता का ते नीट वाच, कारण त्या दिवशी इथे काय झालं हे तू मला एकदाही विचारलेलं नाहीस.

हे सगळं सुरू कुठून झालं ते आठवतं ना? मागच्या मोठ्या पुरात एल्बाबाईंच्या दारात सामान न्यायला दोन ट्रक आले आणि शेजारच्या घरी एकही नाही. ती माणसं गादीवर गादी रचून फुटपाथवर बसून राहिली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारत होती, ट्रक कधी? तू आपल्या अॅपला तेच नाव दिलंस. कुणाकडे किती माणसं, किती सामान, कोण आजारी, हे लोकांनी भरायचं. त्यांना ट्रकची वेळ कळायची आणि ड्रायव्हरला फोनवर रस्ता. आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपण दोघींनी ते उभं केलं. निम्मं तुझं, निम्मं माझं. हे मी विसरलेले नाही, तू विसरलीस की काय असं हल्ली वाटतं.

तेव्हा मी सर्व्हरवर शिरून हातानेच फायली बदलायचे. एक दुरुस्त करायचे, दोन मोडायचे. "अगं, हा सर्व्हर आहे, कसायाचा ओटा नाही!" म्हणून तू ओरडलीस आणि ते सगळं बंद केलंस. तेव्हापासून कॉम्प्युटरवरच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, बस्स. अॅप आपल्या सगळ्या बिऱ्हाडासकट एका कंटेनरमध्ये बांधलं जातं, सर्व्हरवर पोचतं आणि जुन्या कंटेनरच्या शेजारी नवा उभा राहतो. नव्याला विचारलं जातं, ठीक आहेस ना? तो हो म्हणाला की लोकांना त्याच्याकडे वळवायचं आणि मगच जुन्याला निरोप द्यायचा. बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही. तू हे आईला समजावलंस तेव्हा ती म्हणाली होती, "म्हणजे नवा भाडेकरू आत आल्याशिवाय जुन्याला काढत नाहीत. शहाणी माणसं आहेत."

आणि ते कुलूप. दोघींनी एकाच वेळी काही चढवलं तर सगळा गोंधळ होतो, म्हणून जिचं काम चालू असेल तिने सर्व्हरला कुलूप लावायचं आणि त्यावर कारण लिहायचं; ते असेपर्यंत दुसरीला काही चढवता येत नाही. ते काढायला किल्ली लागत नाही, एका ओळीची आज्ञा पुरते, आपल्यापैकी कुणीही काढू शकतं. म्हणूनच तू नियम केलास की जिने लावलं तिनेच काढायचं. मी तो कायम पाळला. तू आंघोळीला जातानासुद्धा कुलूप लावून जायचीस, आणि मी येर्बाच्या चहाचा पेला हातात धरून तुझे केस वाळायची वाट बघत बसायचे. हसू नकोस, आई साक्षीला आहे.

मग राजधानीतल्या त्या कंपनीने अॅप विकत मागितलं. बोलणी करायला तू गेलीस आणि जाताना कुलूप लावून गेलीस. कारण काय लिहिलंस? "सही होईपर्यंत कुणीही हात लावायचा नाही." कुणीही म्हणजे कोण गं? आपण दोघीच तर आहोत.

मागच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी नाल्यावरच्या पुलावर पाणी आलं. अंदाज शनिवारचा होता. अॅप मात्र ट्रकांना त्याच पुलावरून पाठवत राहिलं. आपल्या गावचे ड्रायव्हर फोनकडे बघतही नाहीत, त्यांना नदीचा वास येतो. पण या वेळी ट्रकांवर बाहेरच्या जिल्ह्यांतले सैनिक होते. त्यांना नाला कुठला आणि रस्ता कुठला, सगळंच तपकिरी. क्लबावर ट्रकांची व्यवस्था बघणाऱ्या तोलाचा मला फोन आला. त्याचा आवाज तुला माहीत आहे, फोन नसता तरी ऐकू आला असता. "पोरी, तुझा नकाशा माझ्या पोरांना नदीत आंघोळीला पाठवतोय! एल्बाचा नवरा व्हीलचेअरसकट ट्रकात बसलाय आणि ट्रक निघालाय!" मी म्हटलं, ड्रायव्हरला फोन लावा की. "लावतोय ना! उचलत नाही तो. तुझ्या नकाशावर डोळे लावून चालवतोय!"

मी तुला फोन केला. बंद. पुन्हा केला. बंद. तू बैठकीत होतीस, हे मला नंतर कळलं आणि त्यात तुझी चूक नाही. मी नकाशात पूल बंद केला, रस्ता वरून स्मशानाकडून वळवला आणि ती ओळ टाइप केली. पडद्यावर आलं: कुलूप, फियोरेया, कुणीही हात लावायचा नाही.

माझा हात खरंच थांबला, फियोरेया. मला याची लाज वाटते आणि रागही येतो. ट्रक पुलाकडे चाललाय आणि मी तुझ्या नावाकडे बघत बसलेय. आई पिठाच्या हातांनी मागे उभी होती.

"काय झालं?"

"तिचं कुलूप आहे."

"मग काढ."

"ज्याने लावलं त्यानेच काढायचं असतं, आई."

"ती इथे आहे का?" आईने विचारलं आणि ती तळणीकडे वळली.

मी काढलं. ओळ टाइप केली. सगळं हिरवं, नवा कंटेनर उभा, ठीक आहे म्हणाला. नकाशा उघडला तर तोच पूल. पुन्हा चढवलं. पुन्हा हिरवं, पुन्हा तोच पूल. तोला फोनवर देवाला आणि मला एकत्रच शिव्या देत होता. आणि तेवढ्यात मला तुझा आवाज आला, अगदी कानाशी: "कमिट केलंस का, म्हशी?" नव्हतं केलं. आपली आज्ञा फक्त नोंदवलेले बदल बांधून नेते हे तू मला शंभरदा शिकवलंयस. माझा बदल माझ्याच मशीनवर बसून होता आणि मी दोनदा वाजतगाजत जुनंच सामान चढवत होते. नोंदवलं, तिसऱ्यांदा चढवलं, आणि रस्ता वळला. ट्रक बेकरीपाशी, पुलाच्या अलीकडे, उजवीकडे चढाला लागला. तो सैनिक पोरगा नंतर म्हणाला, "फोन म्हणाला उजवीकडे, मी गेलो उजवीकडे." त्याला अजूनही काही कळलेलं नाही. एल्बाबाईंचा नवरा मात्र रस्ताभर कुरकुरत होता की मला आत्ताच स्मशानाकडे का नेताय, अजून वेळ आहे.

तेव्हा त्या माणसाला तुझ्या शिकवणीने वाचवलं आणि तुझं कुलूप त्याला बुडवणार होतं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही मी तुझ्या तोंडावर सांगते.

आता तुझी कंपनी म्हणते की विक्रीआधीची त्यांची तपासणी चालू असताना अॅप बदललं, हा विश्वासघात. आणि असं पुन्हा होऊ नये म्हणून विक्रीनंतर प्रत्येक बदलाची विनंती राजधानीत पाठवायची, त्यांची माणसं क्रमाने बघतील. तू हे मला आनंदाची बातमी म्हणून कळवलंस! क्रमाने बघतील? नाला क्रमाने चढतो का? मी तोलाला काय सांगू, तुमची विनंती मिळाली आहे, कृपया तरंगत राहा?

तू दमली आहेस हे मला दिसतं. तू ते कधी म्हणणार नाहीस, म्हणून मीच म्हणते. प्रत्येक पावसात फोन उशाशी घेऊन तू झोपलीस, मी नाही. तिथे तुला चांगली नोकरी देताहेत, मोठ्या खिडकीजवळची जागा देताहेत, तर घे, बिनधास्त घे. मला तुझा हेवा वाटत नाही. तुझी आठवण मात्र येते, रोज येते, आणि तुझ्यावर चिडलेली असताना जास्तच येते. पण तुझ्या दमण्याची किंमत आपल्या गल्लीने का मोजायची? आणि मला विचारावंसंही तुला वाटलं नाही, कारण तुझ्या मते मी अजून तुझे केस वाळायची वाट बघत बसलेली आहे. मी उठलेय, फियोरेया. गुरुवारी दुपारीच उठले.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. सोमवारी तू त्या लोकांच्या समोर बसून जुनी आवृत्ती परत चढवणार आणि सर्व्हर त्यांच्या हवाली करणार, असं तू आईला सांगितलंस. तू ती ओळ टाइप करशील तेव्हा पडद्यावर कुलूप येईल. या वेळी ते माझं आहे. त्यावर लिहिलंय: "विकायचं नाही. अनाही." करारावर माझीही सही लागते आणि ती मिळणार नाही. परक्या माणसांसमोर तुझा चेहरा पडू नये म्हणून आधी कळवतेय. त्या लोकांसाठी मी कागदसुद्धा खराब केला नसता. कुलूप कसं काढायचं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, तिथे बसून एका ओळीत काढशील. पण जिने लावलं तिनेच काढायचं, हा नियम तुझा आहे. मी तो एकदाच मोडला, तेव्हा ट्रकात माणूस होता. तुझ्या ट्रकात कोण आहे ते मला इथे येऊन सांग. टेबल तेच आहे, तुझी खुर्ची रिकामी आहे, येर्बासाठी पाणी मी तापवून ठेवते. हवं तेवढं भांड, मी ऐकेन, आणि तुझं पटलं तर माझ्या हाताने कुलूप काढेन. नाही पटलं तर ते तिथेच राहील.

तुझीच, पण तुझ्या हुकमातली नसलेली,
अनाही