हूड बंद होता तो दिवस

प्रिय शैलाताई,

परवा कासुर्डीला तुमच्या तेराव्याला आले होते. जेवणं उरकल्यावर तुमचे भाऊ शेजारी येऊन बसले आणि विचारू लागले, आमची ताई एवढी वर्षं कंपनीत गेली, पण ती तिथं नेमकं करायची काय? मी म्हटलं, लॅबमध्ये होत्या, माल तपासायच्या. त्यांनी मान हलवली. मला मात्र दौंडला घरी येईपर्यंत चैन पडलं नाही. एवढंच होतं का तुमचं काम? म्हणून लिहायला बसले.

मी कुरकुंभच्या केमिकल कंपनीत तुमच्या हाताखाली आले तेव्हा नुकती बीएस्सी झाले होते. पहिल्याच दिवशी एक बाटली उघडून नाकाशी नेली आणि तुम्ही माझं मनगट धरलंत. "वास घिऊन वळखायला ही काय आमटी हाय?" मग लेबल कसं वाचायचं, झाकण लगेच का लावायचं, आणि सॉल्व्हंटचं, म्हणजे क्लोरोफॉर्मसारख्या पटकन उडून जाणाऱ्या द्रावकांचं, काम हूडमध्येच का करायचं, ते समजावलंत. हूड म्हणजे वाफा ओढून बाहेर टाकणारं काचेच्या दाराचं कपाट. तोवर मी ते फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलं होतं.

हातावरची शाई काढायला आम्ही सर्रास अ‍ॅसिटोन घ्यायचो. तुम्ही ते बंद केलंत. वापरलेला क्लोरोफॉर्म वेगळ्या कॅनमध्ये, अ‍ॅसिटोन वेगळ्या, सिंकमध्ये एक थेंब नाही. किती राग यायचा तुमचा! पाठीमागं आम्ही तुम्हाला सासूबाई म्हणायचो. माहीत होतं ना तुम्हाला?

मग मला दिवस गेले. नोकरी अजून पक्की नव्हती. माझ्या आधी त्या जागेवर असलेल्या मुलीचं असंच कळल्यावर तिला घरी बसवलं होतं, म्हणून मी गप्प राहिले. उलट्या झाल्या की पित्त म्हणायचे. तुम्ही चारचौघांत काही विचारलं नाहीत. कॅन्टीनमागच्या नळावर हात धुताना हळूच म्हणालात, "कितवा हाय?" तिसरा, एवढं सांगितलं आणि मला रडू फुटलं. तुम्ही रडू दिलंत. दुसऱ्या दिवसापासून पाण्यातली कामं माझ्याकडे आणि सॉल्व्हंटची तुमच्याकडे. कारण कुणालाही सांगितलं नाहीत.

आणि हूडची मोटर जळाली.

गेटवर ट्रक उभा होता. माल सोडायला तपासणीचा रिपोर्ट त्याच दिवशी हवा होता. मॅनेजर साहेब म्हणाले, खिडक्या उघडा, टेबलफॅन लावा आणि सुनंदाला बसवा, म्हणजे मलाच. फॅननं वाफ जात नाही, एकीच्या तोंडावरून दुसरीच्या तोंडावर जाते, हे तुम्ही त्यांना समजावून पाहिलंत. ते ऐकेनात. तेव्हा तुम्ही सॉल्व्हंटच्या कपाटाला कुलूप घातलंत.

"साहेब, हूड बंद हाय तवर हितं क्लोरोफॉर्म उघडायचा न्हाई. कुणीच न्हाई."

मी खाली मान घालून उभी होते. आता माझं नाव येणार, असं वाटत होतं. ते आलं नाही. साहेब दार आपटून गेले. मोटर दौंडला नेऊन तिची जळालेली तार नव्यानं भरून आणली, दुसऱ्या दिवशी दुपारी बसवली, आणि मग तुम्ही स्वतः काम करून ट्रक सोडलात. लॅब इनचार्जची जागा मात्र त्या वर्षी पुण्याहून आलेल्या नव्या माणसाला मिळाली. त्यालाही सगळं तुम्हीच शिकवलंत!

यावरून मी तुमच्याशी भांडले होते, आठवतं? पोटुशी बाई आहे म्हणाला असतात तर साहेबांनी ऐकलं असतं, तुमची बढती वाचली असती. तुम्ही डबा खाता खाता म्हणालात, "तुझं नाव घेतलं असतं, तर तुला उठवून दुसरीला बसवलं असतं. बाकीच्यांची फुफ्फुसं काय पत्र्याची हायेत?"

माझी लेक धडधाकट जन्मली. तुम्ही नसतात तरी तशीच जन्मली असती का? असेलही. जे घडलंच नाही, ते कुणाला दाखवायचं कसं? तुमची अख्खी नोकरी अशा न घडलेल्या गोष्टींनी भरलेली होती. म्हणून तर तुमच्या भावांपुढं मला बोलता आलं नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका. तरी मनात येतंच, माझ्या वाट्याचं सॉल्व्हंटचं काम तुम्ही घेतलं होतंत, त्या वाफांनी तर नसेल? जिना चढताना दम लागतो, हे मला फोनवर सांगितलंत, डॉक्टरला का नाही सांगितलंत? साऱ्या लॅबच्या श्वासाची काळजी आणि स्वतःच्या छातीची नाही, हे कुठलं शहाणपण, ताई?

येत्या सोमवारी आमची नवी लॅब सुरू होतेय. हूड बसलेत, पण वाफा ओढणारा छतावरचा पंखा अजून आलेला नाही. तोवर असंच चालवून घ्या, असं वरचे साहेब म्हणतात. आता इनचार्ज मी आहे. तुमच्यासारखं शांत बोलणं मला जमत नाही, आवाज कापतो. कापू दे. पण मी नाही म्हणेन, आणि ते कुणा एकीचं कारण पुढं करून नाही, सगळ्यांसाठी म्हणेन. हा माझा शब्द.

तुमच्या हाताखालची,
सुनंदा