एक लाख चार हजारांची ती रेघ

मार्गिलान, बुधवार

थोरल्या सालोमत-आपांना धाकट्या नुरमतचा छातीवर हात ठेवून सलाम. तुमचे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला ताश्कंदच्या धुरात वाढला की तुमच्या बोलण्याने? इकडे सगळं ठीक. जर्दाळू मुबलक आलेत, शेळी व्यायली, आणि आपले मास्तर भाऊ वोहिद-आका मरणपंथाला लागलेत.

डॉक्टर म्हणाले, एकेक अवयव निकामी होतोय. आकांनी तेवढ्यातही मास्तरकी सोडली नाही. "माझे जाऊ देत, माझ्या संख्येला अवयवच नाहीत!" म्हणून हसले, आणि पुढे तासभर खोकले.

ती संख्या तुम्हाला पाठच असेल: ६४०८९२२५७३७. (शाळेत हँडलचं गणनयंत्र आलं त्या खोक्यावर छापलेली. दुसऱ्या कुणी खोकं फेकून दिलं असतं.) ही मूळ संख्या आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं, आणि तुम्ही पाठवलेल्या कोष्टकातल्या बावीस हजारांवर मूळ संख्यांनी तिला भागून बघायचं ठरलं. एक आणि तीनवर संपणाऱ्या त्यांच्याकडे, सात आणि नऊवर संपणाऱ्या माझ्याकडे. का, तर मागावर बसून माझा हात तयार झालेला! रोज सकाळी नमाजानंतर पाच-पाच, प्रत्येकीचा निकाल वहीत लिहून खाली रेघ, अशी सहा वर्षं. माझी बायको म्हणायची, एवढं हँडल विहिरीवर फिरवलं असतंत तर वाळवंटात भात पिकला असता. शेवटची रेघ मारली तेव्हा आका माझ्या गळ्यात पडून रडले. आपा, अब्बा गेले तेव्हासुद्धा ते रडले नव्हते.

आता वही तुमच्या संस्थेतल्या गणितज्ञांकडे धाडलीय असं मी त्यांना सांगितलंय. रोज टपालवाला आला की उशीवरून मान उचलतात. वही माझ्या गादीखाली आहे.

कारण सांगतो, पण शिव्या घरी आल्यावर द्या. तिसऱ्या वर्षी एका सकाळी माझ्या चार झाल्या आणि पाचवी राहिली, तेवढ्यात गल्लीत लांब तुतारी वाजली. कुंभार कोसिमच्या मुलाच्या लग्नाचा पहाटेचा पुलाव! त्याला नाही म्हणणारा माणूस मोहल्ल्यात पुन्हा तोंड दाखवू शकत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. गेलो. मेंढीच्या शेपटीची चरबी दोनदा वाढून घेतली. परत आलो तो डोळे मिटत होते. पाचवीपुढे 'भाग जात नाही' लिहिलं आणि आडवा झालो.

वही टपालात टाकण्याआधी मनाची टोचणी गेली नाही, म्हणून गेल्या आठवड्यात ती एक करून पाहिली. १०४७२९. हँडल फिरवत गेलो आणि यंत्राच्या खिडकीत शून्यांची ओळ लागली. बरोब्बर ६११९५३ वेळा भाग जातो. सहा वर्षांत फक्त त्या एका पुलावाला दांडी मारली असती तर!

तुमचा नालायक भाऊ,
नुरमत

ता.क. खरं काम हे. तुम्ही संस्थेत टंकलेखन करता. तिथल्या कागदावर दोन ओळी टंकून पाठवा की संख्या मूळ आहे, अभिनंदन. सही कुणाचीही चालेल, आकांना आता दिसत नाही.

ता.क. २ (गुरुवार) कागद नको. माझ्याच्याने राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. आकांनी आधी चहा संपवला. मग म्हणाले, "गाढवा, पुलाव तरी चांगला होता का?" आणि मग, "तो दुसरा अवयव, ६११९५३, तो तरी मूळ आहे का?" वहीतल्या जुन्या निकालांवर त्यांचा आता भरवसा नाही; नव्याने बघायचं, आणि त्यासाठी फक्त एकशे सदतीस संख्या तपासाव्या लागतात. दोन, तीन, पाच त्यांनी डोळे मिटूनच निकालात काढल्या. बाकीच्यांना मी बसलोय. ते म्हणतात, हात चालव, दोन दिवसांत संपेल. मी म्हणतो, खांदा धरलाय, दिवसाला सातच होतील. खांदा ठणठणीत आहे, आपा. डॉक्टरांनी रविवारपर्यंतचं सांगितलंय, पण हिशेब अर्धवट टाकून आका कधी वर्गाबाहेर पडलेत? तुम्ही मिळेल त्या गाडीने निघा. तुम्ही येईपर्यंत मी हळूच फिरवतो.