बंद ड्रममधली वांगी

३ डिसेंबर २०२४, फैजपूर
आजपासून दुसरा धंदा. पहिला (केळी वेफर्स) तांत्रिक कारणाने बंद. सुटलेलं पातं अजून घराच्या चौकटीत रुतलेलं आहे. काढू नये, चौकट सोबत येईल.
आता भरताचं यंत्र. भाजणार, ठेचणार, माणसाचा हात लागणार नाही. चौथीत वहीच्या शेवटच्या पानावर त्याचं चित्र काढलं होतं. शेतातल्या भरीत पार्टीला धुरपदा आत्या शंभर माणसांची वांगी मुसळाने ठेचायची आणि दुसऱ्या दिवशी तिला वेणी घालता यायची नाही, म्हणून. चित्रात आत्या खुर्चीवर बसली आहे. डिझाइन आजही बरोबर वाटतं.
वडिलांची अट: शेड संक्रांतीपर्यंत. तोवर धंदा उभा राहिला नाही तर शेड चुलतभाऊ हितेंद्रच्या खतांना आणि मी पुण्याच्या नोकरीला. जॉइनिंग २० जानेवारी. हातात बेचाळीस दिवस. वीस शिल्लक राहतील.

९ डिसेंबर
पहिली ट्रायल. बारा वांगी, बंद ड्रम, गॅस बर्नर. कपाशीच्या काड्यांवर उघड्यावर भाजणं म्हणजे उष्णता आभाळाला दान. आत्या म्हणाली, वांग्याले पहिले टोचे मार वं, नाहीतर फुटीन ते. मी सांगितलं, देवपूरच्या कॉलेजात चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स शिकले आहे. ती म्हणाली, वांग्याले माहीत नाही ना ते.
११.२० ला झाकण उडालं. पत्र्याला भोक. हितेंद्रच्या कपाळावर गरम गर. शिव्या.
निष्कर्ष: वांगी कमी दर्जाची.

१० डिसेंबर
हितेंद्र पहार घेऊन ड्रम फोडायला आला. माझ्या हातून पाना निसटला, त्याच्या पायावर पडला. दोनदा.

१७ डिसेंबर
झाकणाला चारऐवजी सोळा बोल्ट. सहा वांगी घालून ट्रायल. आतून ठो असे सहा आवाज. झाकण जागेवर. यशस्वी.
आत्या पुन्हा टोच्यांवर आली. टोचलं की रस गळतो, वजन तीन टक्के घटतं, मोजलं आहे. ती म्हणे, झाकन उडनार नाही, त मंग काय उडीन? प्रश्न अशास्त्रीय.

२१ डिसेंबर
ऑर्डर! निंबा नानांच्या शेतात पार्टी, ५ जानेवारी, दुपारी, दीडशे माणूस. नानांनी एवढंच विचारलं, टायमावर होईन ना? मी वेळ सेकंदात सांगितली. पूर्ण लोडची ट्रायल घेतली नाही. गणित जुळतंय.

५ जानेवारी २०२५, संध्याकाळी ६
तटस्थपणे नोंदवते.
१२.४० ला साठ किलो वांगी आत. १.०५ ला आवाज सुरू. १.०९ ला ड्रमचा तळ फाटला. झाकण हललं नाही. सोळाही बोल्ट घट्ट.
निंबा नाना आणि शेजारचे तोतारामभाऊ यांचा बांधावरून सहा वर्षं वाद आहे. धडाका ऐकून नाना ओरडले, तोत्यानं गोळी घातली रे! पाहुणे हाताला येईल ते घेऊन बांधापलीकडे. तिकडून कुदळीचे दांडे. एक दात, एक मनगट, दोन डोकी. टाके एकूण अकरा. चिंधा आचाऱ्याने झारा दोन्ही बाजूंवर चालवला. मी बांधावर उभी राहून हा फक्त वाफेचा दाब आहे असं सांगत होते. कोणीतरी ढकललं. डावं कोपर सोललं.
हितेंद्रने फाटलेला तळ उचलून सगळ्यांना दाखवला. तेव्हा दोन्ही बाजू मिळून माझ्याकडे वळल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा एकमत.
आत्या मुसळ घेऊन मध्ये उभी राहिली. म्हणाली, पोरीले हात लावशान त ठेचीन. कोणी हललं नाही. मग नानांकडून कपाशीच्या काड्या मागवल्या, दुसऱ्या खेपेसाठी ठेवलेली वांगी टोचून भाजली, ठेचली. दोन्हीकडचे जेवले, डोक्याला फडकी बांधून एका पंगतीत. तोतारामभाऊंनी तीनदा वाढून घेतलं.
करायचं: वांग्यांचा दर्जा पुन्हा तपासणे.

१४ जानेवारी, संक्रांत
वडिलांनी शेड दिली. आत्याला. नाना आणि तोतारामभाऊ, दोघांच्याही ऑर्डरी तिच्याकडे आल्या आहेत, वेगवेगळ्या दिवशी. शेडमध्ये ड्रमसाठी मी बांधलेल्या चौथऱ्यावर हितेंद्रने पाण्याची टाकी बसवली. अजिबात हलत नाही. फाउंडेशनचं गणित बरोबर होतं.

२१ जानेवारी
पुण्याचं जॉइनिंग काल होतं. गेले नाही. इथे प्रोसेस इंजिनीअर लागतो.
आज तीनशे बारा वांग्यांना टोचे मारले, शाळेच्या कंपासपेटीतल्या कर्कटकाने. प्रत्येकी पाच. सहा मारावेत का, अभ्यास चालू आहे. ठेचलंही मीच. आत्या खुर्चीवर बसून होती, अगदी चित्रातल्यासारखी, आणि दर दोन मिनिटांनी जोर लाव वं म्हणत होती.
आत्ता वेणी घालायला हात वर जाईना. आत्याने घातली.