दुमडलेलं कापड

पापडी, शनिवार संध्याकाळ, नोव्हेंबर १९८३

आज मोठ्या बहिणीने, फिलोमिनाने, नाताळच्या ब्लाउजसाठी माझं माप घेतलं. कॅन्सरच्या गाठीपायी डावा स्तन काढला, तिथे मुंबईच्या डॉक्टरांनी सिलिकॉनची पिशवी बसवली. सूज उतरली की दोन्ही बाजू सारख्या दिसतील, म्हणाले होते. सूज केव्हाच उतरली. डावी बाजू वरच राहिली, कडक, माझी नसल्यासारखी. परवा दाखवायला गेले तर म्हणतात, "जीव वाचला ना?" वाचला. मग आरसा बघवत का नाही? हे विचारायचं कोणाला? फादरना?

फिलोमिना जन्मभर कापड दुमडून कापत आली. कात्री एकदाच चालवायची, दोन्ही बाजू आपोआप सारख्या. आम्हा सगळ्या बहिणींचे ब्लाउज तसेच झाले. मी तिला सांगणार होते, थोडं थांब, अजून फरक पडेल. तिने टेप दोनदा लावली. मग कापड सपाट पसरलं, खडूने उजवी बाजू आखली आणि डावी वेगळी आखायला घेतली.

"फिलू, दुमड ना," मी म्हटलं.

"कापड फुकट जाईल, बाय," ती म्हणाली, आणि तिने कात्री चालवली.