नवरदेवाच्या खुर्चीचा खुलासा

पुंडलिकनगर,
छत्रपती संभाजीनगर
मंगळवार

तीर्थस्वरूप सारजाआक्काच्या चरणी धाकट्या शिवशंकरचा साष्टांग नमस्कार.

इकडं मी बरा आहे, तुझी लेक प्रांजली बरी आहे आणि तू धाडलेला ठेचा संपला आहे. तुझे गुडघे काय म्हणतात? सूर्यभानदाजींचा कान दुखायचा थांबला का? (दाजींना हे पत्र वाचून दाखवशील तेव्हा कंसातलं गाळत जा. कंस तुझ्यासाठी आहेत.) फोन का केला नाही, असं तू विचारणार. आक्का, तू फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवतेस आणि भाकरी उलटायला आत जातेस. मग माझं बोलणं तू सोडून अख्खी गल्ली ऐकते. म्हणून कागद घेतला.

आधी खुलासा करून टाकतो. आपल्या गल्लीतला कडुबा लेकीसाठी पोलीस भरतीची जुनी पुस्तकं शोधायला रविवारी शहरात आला होता. पिशोरला परतल्यावर त्यानं सगळ्यांना सांगितलं असणार की, सारजाबाईचा भाऊ गारखेड्याच्या मंगल कार्यालयात नवरदेवाच्या खुर्चीवर बसला होता, शेजारच्या नवरीच्या खुर्चीवर एक बाई होती आणि दोघांनी पंच्याखाली हात धरला होता. आक्का, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. फक्त कडुबानं तो शेवटाकडून सांगितला. पहिल्यापासून ऐकलंस तर त्यात लाजण्यासारखं फार काही उरत नाही.

आणि मला तिथं धाडलं कुणी? तूच. मध्यस्थ सोमनाथनं प्रांजलीसाठी स्थळाचा निरोप आणला की, सिल्लोडकडचा सुदर्शन, वाळूजला कंपनीत आहे, पुस्तकांचं वेड आहे, तो रविवारी जुन्या पुस्तकांच्या सेलला निळा शर्ट घालून येणार, लांबूनच बघून घ्या. लगेच तुझा हुकूम आला, 'शिवा, बैल बघतोस तसा बघून ये. चाल बघ, दात बघ, डोळा बघ. तोंडात पुडी असली तर तिथनंच माघारी फिर.' प्रांजलीनं मात्र एवढंच सांगितलं की, हातात पुस्तक दिसल्यावर ज्याचं तोंड वाकडं होतं असा नवरा मला नको, बाकी तुम्ही बघा. नोकरीसाठी पोरगी माझ्याकडं राहायला आल्यापासून मी बघतो आहे, ती जेवताना वाचते, केस विंचरताना वाचते, दूध उतू जातं तेव्हाही वाचतच असते. असल्या पोरीला चुकीच्या घरात ढकललं तर ती रडणार नाही, गप्प होईल. मला त्या गप्प होण्याची भीती वाटते. म्हणून मी शब्द दिला होता की, नीट बघूनच सांगीन.

तर चातुर्मास. लग्नं बंद. कार्यालयवाल्यानं हॉल पुस्तकवाल्यांना भाड्यानं दिला होता. जिथं पंगती बसतात तिथं पुस्तकांचे ढीग आणि जिथं अक्षता पडतात त्या स्टेजवर वजनकाटा. पुस्तकं किलोवर! काट्यामागं अन्वरभाई नावाचा गृहस्थ, आणि त्याच्यामागं नवरा-नवरीच्या त्या लाल मखमली खुर्च्या तशाच मांडलेल्या, कारण त्या हलवायला चार माणसं लागतात.

किलोवर म्हटल्यावर माणसाची जात कळते गं. (जात म्हणजे प्रकार. दाजींना गैरसमज नको.) एक मास्तर फक्त पातळ कागदाची पुस्तकं निवडत होते. एक बाई इंचपट्टी घेऊन आल्या होत्या. त्यांच्या नव्या फ्लॅटच्या शोकेसमध्ये एक कप्पा रिकामा राहिला होता, तो भरायचा होता, त्यातही पडद्याला मॅचिंग मरून हवं होतं. एक जोडपं ढिगापाशीच भांडत होतं, कारण नवऱ्यानं हौसेनं उचललेलं पुस्तक बायकोनं दिवाळीत रद्दीत घातलेलं निघालं, आत त्याचंच नाव. एक म्हातारबुवा खाली मांडी घालून एक जाडजूड पुस्तक वाचत बसले होते, विकत घ्यायचं नावच नाही, पान संपलं की बोटाला थुंकी. आणि आपला फुलंब्रीकडचा एक शेतकरी अन्वरभाईशी हुज्जत घालत होता, 'पुठ्ठ्याची कडती कापा की! मार्केटात गोणीचं वजन कापतेत का नाय? मी पुठ्ठा वाचणार हाय व्हय?' अन्वरभाईनं कपाळाला हात लावला आणि म्हणाला, 'चचा, पुठ्ठा निकाल के लाव, बगैर पुठ्ठे की तोल देता हूँ.' तर त्या गड्यानं खरंच पुठ्ठे फाडायला घेतले.

मी सुदर्शनला शोधत होतो. निळा शर्ट दिसेना. मग दिसला, आणि काय देखणा गडी! ढीगच्या ढीग उचलून नेत होता, दम लागत नव्हता. मी त्याला दोन वेळा उगाच हाक मारून चालवून बघितलं, चाल ताठ. माझी पिशवी मुद्दाम सांडली, त्यानं वाकून सगळी पुस्तकं गोळा केली, कपाळाला आठी नाही. शेवटी मी त्याला एक जुना विनोद सांगून हसवलं आणि दात बघून घेतले. दोन्ही ओळी पांढऱ्याशुभ्र. मी मनातल्या मनात प्रांजलीची हळद उरकली. तेवढ्यात तसलेच निळे शर्ट घातलेले आणखी पाच जण आले. ते सेलचे कार्यकर्ते होते आणि निळा शर्ट हा त्यांचा गणवेश. माझ्या गड्याला मी चाचरत विचारलं, तर त्याचं लग्न झालेलं, दोन पोरं, धाकट्याला दात येत होते.

हिरमुसून मी जनावरांच्या पुस्तकांच्या ढिगाकडं वळलो. कव्हर गेलेलं, बैलांच्या लक्षणांवरचं एक जुनं पुस्तक दिसलं. उचललं, तर ते उचलेना. दुसऱ्या टोकाला एका बाईंचा हात होता. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, कडक इस्त्रीची सुती साडी. 'मी आधी बघितलं,' त्या म्हणाल्या. मी म्हणालो, 'मी आधी धरलं.' ओढाओढीत आम्ही काट्यापर्यंत पोचलो आणि रांग तुंबली. अन्वरभाई ओरडला, 'ओ मामू, लाइन अटक गई! वो दुल्हा-दुल्हन की कुर्सियाँ खाली हैं, उधर बैठ के फैसला करो!'

बसलो. आता पुढचं तुला सांगायची गरज नाही, पण प्रांजली हे पत्र चोरून वाचणार आणि तिला बैलबाजार ठाऊक नाही, म्हणून लिहितो. आपले बापू बाजारात दलाली करायचे तेव्हा भाव तोंडानं बोलत नसत. हातावर कापड टाकायचं, त्याखाली समोरच्याची बोटं धरायची, धरली तेवढा आकडा. पटलं तर मूठ दाबायची, नाही तर झटकायची. चारचौघांत सौदा होतो आणि चारचौघांना कळत नाही. वाद दिसला की माझा हात आपोआप खांद्यावरच्या पंच्याकडं जातो, बापूंचीच सवय. मी पंचा हातावर टाकला आणि मग माझ्या लक्षात आलं की, समोर परकी बाई आहे. माफी मागणार, तोवर त्यांनी पंच्याखाली हात घातलाही होता!

मी दोन बोटं धरली आणि म्हणालो, 'आठवडे.' म्हणजे पुस्तक दोन आठवडे माझ्याकडं, मग दोन त्यांच्याकडं. त्यांनी माझा हात झटकला आणि माझं एकच बोट धरलं. मी पुन्हा दोन धरली. त्यांनी पुन्हा एक. घासाघीस रंगात आली होती आणि नेमका तेव्हाच कडुबा पुस्तकं तोलायला आला. आक्का, त्याचा आ वासलेला चेहरा बघून मी हात काढायला हवा होता. पण सौदा अर्ध्यात सोडू नये, ही बापूंची शिकवण.

शेवटी एक आठवडा ठरला. मूठ दाबली गेली आणि त्या म्हणाल्या, 'पाव्हणं, मघाधरनं त्या पोराचे दात बघायलात. भाचीसाठी ना? मी सुदर्शनची मावशी, सुलेखा. सुदर्शन आज यायचाच नव्हता. आमच्या दादांनीच, म्हंजे वडलांनीच, सोमनाथच्या कानात सोडलं की, पोरगा येणार म्हणून सांग. मुलीकडचं माणूस बघायला येतंय, ते कसं बघतंय ते तू बघून ये, म्हणले. जनावर मागनं बघता येतंय, गिऱ्हाईक आधी बघावं.'

शेरास सव्वाशेर! मी विचारलं, मग काय दिसलं? त्या म्हणाल्या, 'माणूस लई भाबडा हाय. पण पोराला पिशवी उचलायला लावून सोताच आधी वाकला. ते बघितलं मी.' मग आम्ही बराच वेळ तिथंच बसलो. त्यांचे हे दादाही बैलबाजारातलेच. त्या स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मरून पुस्तकांची बाई काट्यावर आली तेव्हा आम्ही दोघंही एकदम हसलो. तुझी भावजय गेल्यापासून मी कुणाबरोबर असा एकदम हसलो नव्हतो, हे तिथं बसल्या बसल्याच मला कळलं.

असो. मुलाबद्दल अहवाल असा की, घर चांगलं आहे. दाजींना माझा नमस्कार, गोठ्यातल्या मंडळींच्या पाठीवर माझा हात फिरव.

तुझा,
शिवशंकर

ता.क. घर चांगलं आहे असं वर लिहिलं ते मावशीवरून. मुलगा मी पाहिलेला नाही.

ता.क. पुस्तक एकेक आठवडा, म्हणजे दर रविवारी भेटून द्यावं-घ्यावं लागणार. माझ्या दोन बोटांत ते पंधरवड्यानं झालं असतं. त्यांनी भाव पाडला तो का पाडला, हे मला घरी येऊन पिठलं ढवळताना सुचलं. पिठलं लागलं.

ता.क. खरं काम हे. येत्या रविवारी तू सुदर्शनचं घर बघायला म्हणून ये आणि सुलेखाबाईंच्या दादांपाशी हळूच माझाही विषय काढ. मला काढता येणार नाही. आपला बैल आपण विकू नये, दलाल लावावा, असं बापू म्हणायचे. या वयात लोक हसतील, साटंलोटं म्हणतील, ते मी ऐकून घेईन. तू हसलीस तर मात्र मला सोसायचं नाही. नाही म्हणायचं असेल तर कागदावर कळव, स्पीकरवर नको.

(इथून पुढं अक्षर माझं, प्रांजलीचं. डिंक ओला होता.) आई, बायोडाट्यावर मुलाचा नंबर छापलेला असतो, हे तुम्हा मोठ्या माणसांच्या लक्षात कसं येत नाही? मी फोन केला आणि शनिवारीच त्याला सेलमध्ये भेटून आले. तो नवरदेवाच्या खुर्चीवर बसून वाचत होता आणि अन्वरभाई त्याला उठवत होते. मी समोर उभी राहिले तर म्हणाला, एवढं पान होऊ दे. असला नवरा मला चालेल. तेव्हा माझं निवांत बघ, आधी मामाचं उरक. आज सकाळी तो भाकरी थापताना गुणगुणत होता. मामी गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं. आई, नाही म्हणू नकोस.